दहाव्या ओळीत आठ कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मुलांच्या पानावर आपण एकांचा मनोरा छापलात. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, असे करत शेवटी नऊ एकांचा वर्ग, १२३४५६७८९८७६५४३२१. मथळा होता 'चमत्कारी संख्या'. मनोरा तिथेच थांबला याची मला फार हळहळ वाटली.

माझ्या सातवीतल्या मुलीने लगेच विचारले, "आई, दहा एक घेतले तर?" फोनवर उत्तराचे सगळे आकडे मावेनात. मग चौकटीच्या वहीत गुणाकार मांडला: दहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज उजवीकडून १, २, ३ अशी ९ पर्यंत सुरळीत आली. मधल्या रांगेत मात्र दहा भरले. शून्य मांडले, हातचा एक. शेजारच्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे हातचा जिरला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा!

तिने आकड्यांची बेरीजही केली. नऊ एकांच्या वर्गात ती ८१ येते, तीन एकांच्या वर्गात ९. म्हणजे जितके एक, त्या संख्येचा वर्ग. दहा एकांना १०० यायला हवी, पण आली ८२. प्रत्येक हातच्यात दहा जातात आणि एक येतो, म्हणजे नऊ घटतात. हातचे दोन, घट अठरा. हे तिला उमगले तेव्हाचा तिचा चेहरा आपण पाहायला हवा होता.

१ ला ८१ ने भागले तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असे येते. तिथलाही आठ हातच्यानेच खाल्लेला असतो.

आणखी एक. या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिले. जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. मी रोज लोकलने त्याच स्थानकावरून जाते. आपल्या पानावर त्यांचे नावही नव्हते.

येत्या रविवारी दहावी ओळ छापावी, उत्तर न देता, आणि खाली कापरेकरांचे नाव.

आपली,
एक पालक, कल्याण