चक्र दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

देवगडला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ब्लाउज नि शाळेचे गणवेश वर्षभर चालूच असतात, पण नारळी पुनव जवळ आली की होड्यांचे बावटे शिवायला येतात. त्याच सुमाराला १५ ऑगस्ट, त्यामुळे लोक तिरंगेही घेऊन येतात. 'वहिनी, कड उसवलीय, एक टीप मारून द्या.' झेंडा हातात घेऊन उलटसुलट बघायची सवय मला अशी लागली.

यंदा ध्वजवंदनाला आलेल्या पाहुण्यांनी मुलांना सांगितलं की केशरी रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा. असं भाषण दरवर्षी कुठे ना कुठे होतं आणि पाहुण्याला हटकायचं कोणी, म्हणून सगळे टाळ्या वाजवतात.

पाहुणे अगदीच हवेतलं बोलत नव्हते. ते फक्त शंभर वर्षं मागे होते. १९२१ साली बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे ठेवलेल्या झेंड्यात तांबडा नि हिरवा असे दोनच पट्टे होते आणि ते या दोन समाजांसाठीच होते. गांधीजींनी इतरांसाठी पांढरा पट्टा घालायला सांगितलं, वर चरखाही आला. त्या झेंड्यात पांढरा सगळ्यात वर, मधे हिरवा आणि खाली तांबडा असे. पण धर्माप्रमाणे रंग वाटायला घेतले की वाटणी संपत नाही. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठाय? मग १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरवला आणि या रंगांना कोणत्याही धर्माचा अर्थ नाही, असं स्पष्ट करून टाकलं. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांततेचा, हिरवा श्रद्धेचा आणि पराक्रमाचा. पुढे २२ जुलै १९४७ ला घटना समितीत डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचं नातं मातीशी आणि झाडापेरांशी जोडलं. हिरव्याचं म्हणाल तर मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टला फडकावलेल्या झेंड्यात तोच सगळ्यात वर होता. तो झेंडा पुण्याला केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे.

थोरांनी १९३१ साली मिटवलेला वाद आपण चौथीतल्या पोरांपुढे पुन्हा का उकरायचा? बांद्याच्या पलीकडे लागूनच, गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवी आहे. गोवा मुक्तीसाठी १५ ऑगस्ट १९५५ ला तिथून आत शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबहून आलेले करनैलसिंग बेनिपाल तिथे हुतात्मा झाले. पाहुण्यांच्या हिशेबात त्यांचा रंग कोणता धरायचा?

आता चक्राकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. चरखा जाऊन सारनाथचं अशोकचक्र का आलं, याची मोठमोठी कारणं पुस्तकांत आहेत. पण घटना समितीत ठराव मांडताना नेहरूंनी एक साधी अडचणही सांगितली होती. झेंडा दोन्हीकडून दिसतो. चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला, त्यामुळे मागून पाहिलं तर सगळं उलटं. चक्राला उलटसुलट नाही. चरखा गेल्याचं गांधीजींना फार लागलं होतं, आणि ज्याने देशाला सूत कातायला लावलं त्याला ते लागणारच. पण मशीनवर बसणारी बाई म्हणून मी या एका मुद्द्यावर नेहरूंकडे. कपड्याची उलट बाजू आधी बघावी, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

म्हणून ध्वजसंहितेत, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांतही, चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण दिसलं पाहिजे असं आहे. माझ्याकडे येणाऱ्या झेंड्यांत काय असतं? पुढून गडद निळं चक्र, मागून धुऊन विटल्यासारखी सावली. एकाचे आरे मोजले तर एकवीस भरले, असायला हवेत चोवीस. लांबी-रुंदी ३:२ असावी, तर कित्येक झेंडे हातरुमालासारखे चौकोनी. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चं, म्हणजे वर-खाली जेमतेम अर्ध्या बोटाएवढी जागा सोडून चक्राने पट्टा भरला पाहिजे. बाजारातल्या झेंड्यात ते टिकलीएवढं असतं.

कापड पॉलिस्टरचं आहे याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने मशीनवरचं आणि पॉलिस्टरचं कापड चालतं. हुबळीजवळच्या बेंगेरीत बनणाऱ्या झेंड्यांची खादी मानाची खरीच, पण आमच्या श्रावणात ती भिजून काठीला चिकटते ती चिकटतेच. पॉलिस्टर लगेच सुकतं. फक्त त्याची मोकळी कड नुसती गरम सुरीने कापून सोडतात, तिथे दुमडून दुहेरी टीप नसते. खाऱ्या वाऱ्यात चार दिवसांत दशा लोंबायला लागतात. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, त्यामुळे लोक तो उतरवायलाच विसरतात. गणपती येतात तरी वर चिंध्या फडफडत असतात. फाटका झेंडा लावू नये आणि तो एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करावा, असा नियम आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं. तो घडी घालून माळ्यावर टाकतो, नाहीतर माझ्याकडे आणतो.

आपल्या पत्रातून ग्रामपंचायतींना एवढंच सुचवावं की झेंडे घाऊक मागवण्याआधी एक नमुना मागवून उजेडात उलटा धरून बघावा, आणि ऑगस्टअखेर फाटके झेंडे जमा करायला कार्यालयात एक खोकं ठेवावं. दोरीसाठी नेफा जाड कापडाचा घ्यावा, मोकळ्या कडेला दोन टिपा माराव्यात. शिवून घ्यायचे असतील तर ३६ बाय २४ इंचाला आठ-आठ इंचांचे तीन पट्टे लागतात, शिलाईची माया वेगळी धरायची.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग