जांघेतल्या माराबद्दलही लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत दुचाकीवरून पडल्यामुळे होणाऱ्या दुखापतींवर सविस्तर लेख आला होता. डोके, खांदा, मणका, गुडघा यांची त्यात दखल होती. जांघेचा उल्लेख नव्हता. लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही या भागाला लागलेला मार चारचौघांत सांगण्याजोगा मानला नसता.

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. तीन वर्षांपूर्वी चैत्रात कारखान्याच्या फाटकाजवळ सायकलवरून उतरताना पाय घसरला आणि अंगाचा सारा भार मधल्या दांडीवर आला. रक्त नव्हते, हाड मोडले नव्हते; चार दिवस लंगडलो, बर्फ लावला आणि विषय मिटला असे धरून चाललो. महिन्याभराने लघवीला आग सुरू झाली आणि दर तासाला जावेसे वाटू लागले. पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला, त्यामुळे सोलापुरात अशा वेळी जे म्हणतात तेच घरच्यांनी म्हटले, की उन्हाळी लागली आहे. धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, वाळा झाला. पावसाळा लागला तरी उन्हाळी काही उतरेना.

पुढचे सात-आठ महिने प्रतिजैविकांत गेले. पाच वेळा कोर्स झाले, दर वेळी लघवीची साधी तपासणी स्वच्छ आली आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, मात्र पाचव्या कोर्सनंतर केले गेले, त्यातही जंतू वाढले नाहीत. (कल्चरचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्यायचा असतो, हे मला फार उशिरा कळले.) दरम्यान आग लघवीपुरती राहिली नव्हती. खुर्चीत बसले की बैठकीच्या दोन हाडांच्या मध्ये निखारा ठेवल्यासारखे होई, उभे राहिले की उतरे आणि आडवे झाले की जवळजवळ नाहीसे होई. दिवसाचे आठ तास खुर्चीत काढणाऱ्या माणसाला नेमके खुर्चीचेच दुखणे जडावे, यावर कारखान्यात थट्टाही झाली. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असे मला इतक्यांदा सांगितले गेले, की शेवटी टेन्शन त्या वाक्याचेच येऊ लागले.

अखेर ज्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी सायकलची दांडी नेमकी कुठे लागली हे पहिल्यांदा विचारले. अशा मारानंतर मूत्रनलिकेला आतून व्रण पडून ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, आक्रसू शकते. त्यामुळे आधी ती शक्यता बाजूला सारणे आवश्यक असते. धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्रात माझा वेग सेकंदाला 17 मिलिलिटर भरला. साधारण 15 च्या वर असला तर तो ठीक मानतात आणि 10 च्या खाली आला तर अडथळ्याची शंका घेतात. सोनोग्राफीत मूत्राशय रिकामे होते की नाही हे पाहिले, औषध सोडून एक्स-रे काढला. नळी मोकळी निघाली. मग त्यांनी विचारले, ‘दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते का?’ मी नाही म्हणालो, आणि त्यांनी प्रथमच प्युडेंडल नर्व्ह हे नाव उच्चारले.

ही नस कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतील दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जामुळांपासून निघते आणि बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका बोळकांडीतून जाते, जिचे वर्णन आयरिश शरीररचनातज्ज्ञ बेंजामिन अल्कॉक यांनी 1836 मध्ये केले होते. जननेंद्रिय, गुदद्वार आणि त्यांमधला भाग यांची संवेदना तिच्याकडे असते आणि लघवी रोखून धरणारा स्नायूही तिच्याच हुकमात असतो. नस एक आणि कामे दोन, म्हणून आग आणि लघवीची तक्रार जोडीने येतात. फ्रान्समधील नांत शहरातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने 2008 मध्ये या दुखण्याचे पाच निकष प्रसिद्ध झाले: वेदना याच नसेच्या क्षेत्रात असणे, बसल्यावर ती वाढणे, तिने रात्री जाग न येणे, तपासणीत बधिरता न आढळणे आणि नसेभोवती भूल दिल्यावर ती शमणे. पहिले चार माझ्याकडे होते. पाचव्यासाठी पुण्याला जावे लागले. बसण्याच्या दुखण्यासाठी 250 किलोमीटर बसून जायचे! हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये दौंडपर्यंत मी दाराशी उभाच होतो. इंजेक्शननंतर सहा-सात तास मी दुखणे विसरलेल्या माणसासारखा खुर्चीत बसून राहिलो. त्या इंजेक्शनने आजार बरा झाला नाही, पण दुखणे कुठले आहे हे ठरले.

उपचारात मला सर्वाधिक उपयोग फिजिओथेरपीचा झाला आणि त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. मोबाइलवर पाहून मी रोज शंभर वेळा केगेलचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा, व्यायाम करीत होतो आणि दुखणे वाढवीत होतो. मार लागल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बचावासाठी आवळले जातात आणि कित्येकांचे पुढे आवळलेलेच राहतात. त्यामुळे लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. अशा स्नायूंना आणखी आवळायला लावणे म्हणजे पायात गोळा आलेल्या माणसाला धावायला सांगणे होय. मला शिकवले गेले ते स्नायू सैल सोडण्याचे तंत्र: पोट फुगवून सावकाश श्वास घेणे, गुडघे छातीशी घेऊन पडून राहणे, लघवी बसून आणि कुंथल्याशिवाय करणे, रोज कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसणे. मधोमध खाच असलेली बैठक मी साखर पेठेतल्या गादीवाल्याकडून जाड फोम कापून करून घेतली. बैठकीच्या हाडांना आधार मिळावा आणि मधल्या भागावर दाब येऊ नये, एवढेच तिचे काम. बद्धकोष्ठता मात्र होऊ देऊ नये, कारण एका दिवसाच्या कुंथण्याने आठवड्याची मेहनत वाया जाते.

औषधांबद्दल थोडक्यात लिहितो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधे असतात आणि ती लहान मात्रेपासून हळूहळू वाढवतात. अमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते, म्हणून मला ते न देता प्रीगॅबालिन दिले गेले. पहिले दोन आठवडे इतकी गुंगी होती, की हिशेबाच्या बेरजा दोनदा तपासाव्या लागत. ही औषधे मनाने एकदम बंद करू नयेत आणि मद्याबरोबर तर मुळीच घेऊ नयेत. बी-12 च्या लाल गोळ्या मात्र जो भेटला त्याने लिहून दिल्या; माझ्या रक्तात त्याची कमतरता नव्हती.

लघवीची वही हा उपाय फुकटचा आहे. तीन दिवस वेळ आणि माप लिहून ठेवले, तेव्हा मी दिवसाला सोळा वेळा जातो आणि निम्म्या वेळा अर्धा पेलाही होत नाही, हे दिसले. दोन खेपांमधले अंतर दर आठवड्याला दहा-दहा मिनिटे लांबवत आता आठवर आलो आहे. पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. आपल्या उन्हाळ्यात त्याने मुतखड्याला आमंत्रण मिळते आणि घट्ट लघवीने आग वाढते. खाण्यात शेंगाचटणीवर संशय होता, पण वहीने तिला निर्दोष सोडले. दोषी निघाला तो चहा, आणि तो सोडणे मला औषधांपेक्षा जड गेले.

काही बाबतींत मात्र वाट पाहू नये. मार लागल्यावर लघवीच्या जागेतून रक्त आले किंवा लघवी अजिबात होईना, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे आणि तपासणीआधी कोणाला जोर करून लघवीसाठी नळी (कॅथेटर) घालू देऊ नये. पुढे केव्हाही मांड्यांमधला भाग बधिर झाला, शौचावरचा ताबा सुटला, पायांत अशक्तपणा आला, तर तो मणक्यातील मज्जातंतू दबल्याचा इशारा असू शकतो आणि तेथे तासांना महत्त्व असते.

आता तक्रार. दुखण्याची जागा अशी आहे, की माणूस डॉक्टरआधी जाहिरातीकडे वळतो. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 पासून अस्तित्वात असताना ‘गुप्त दुखण्यां’वर हमखास इलाजाच्या चौकटी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत दिसतात, मीही अशा एका चौकटीपायी चार हजार रुपये घालवले आहेत. पुरुषांची ही कथा, तर दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांचे काय होत असेल? बाळंतपणातही हीच नस ताणली जाते, पण त्या कोणाजवळ बोलणार?

आपल्या शासकीय रुग्णालयात मूत्रविकार, अस्थिरोग, भूलशास्त्र आणि फिजिओथेरपी या विभागांनी महिन्यातील एक सकाळ अशा रुग्णांना एकत्र तपासण्यासाठी ठेवावी, एवढी सूचना आपल्यामार्फत करतो. बार्शी-मंगळवेढ्याहून येणाऱ्या रुग्णाला आणि तिकडे इंडी-आळंदहून येणाऱ्यालाही चार खिडक्यांसमोर तीच लाजिरवाणी कथा चार वेळा सांगावी लागू नये. आणि आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात जांघेलाही अर्धा स्तंभ द्यावा.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. इतके सगळे लिहूनही ते मला जमलेले नाही. मुलीच्या स्थळांची बोलणी सुरू आहेत.

आपला,
एक हिशेबनीस, साखर पेठ, सोलापूर