टीचर, लहान गट माझ्या हातात दिलात त्याबद्दल

प्रिय टीचर,
ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

फोनवर तुम्ही असलं काही बोलूच देत नाही. आभार म्हटलं की लगेच "राहू दे गं, जेवलीस काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात व्हीबीएस (सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) आणि कॅम्पची धावपळ सुरू होते आणि दरवेळी कॉलेजची पोरं-पोरी विचारतात की एवढ्या उन्हाचं फुकट राबून मिळतं काय, सर्टिफिकेट तरी मिळतं का. मला काय मिळालं ते त्यांनीपण वाचू दे.

तुम्ही मला बोलावलं तेव्हा मी नर्सिंग करत होते. मला वाटलेलं नावनोंदणीच्या टेबलावर बसवतील नाहीतर स्वयंपाकघरात कांदे चिरायला लावतील, आणि तुम्ही सरळ म्हणालात लहान गट तू घे. लहान गट म्हणजे पहिली ते तिसरी, सगळ्यात अवघड, इतकी वर्षं तुम्ही स्वतः सांभाळलेला, त्यातल्या काही पोरांच्या आयापण तुमच्याच गटात बसलेल्या. तो गट तुम्ही माझ्याकडे दिलात आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसलात, मधे एकदाही तोंड घातलं नाही. आपलं जपलेलं काम असं नवख्या पोरीच्या हातात द्यायला मन किती मोठं लागतं हे मला आता कळतंय.

तुम्ही शिकवलेलं सगळं साधंच असायचं. पहिल्या दिवशी तू त्यांची नावं पाठ कर, बायबलचं वचन ती आपोआप पाठ करतील. उभं राहून लहान पोराशी बोलू नको, त्याला नुसते तुझे गुडघे दिसतात, खाली बस. रडणाऱ्याला गप्प बस म्हणू नको, त्याला काम दे. आणि ती तुमची वही टीचर! कुणाला कसलं औषध, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण रात्री अंथरुणात करतं, सगळं त्यात. सगळी झोपली की तुम्ही आणि मी टॉर्च घेऊन त्या दोघा-तिघांना हळूच उठवून बाथरूमला नेऊन आणायचो, सकाळी कुणाला काही कळायचं नाही, कुणी कुणाला चिडवायचं नाही. देवाची प्रीती म्हणजे काय हे मी उपदेशात पुष्कळ ऐकलंय, पण ती टॉर्च माझ्या जास्त लक्षात राहिलीय.

निपाणीकडचा तो बारका पोरगा आठवतो का? पहिल्यांदा घर सोडून आलेला. बॅग खांद्यावरनं काढायला तयार नाही, गेटजवळ जाऊन बसला, रात्री एक घास खाल्ला नाही. तुम्ही त्याला समजावत बसला नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी उप्पीटाच्या वेळी त्याच्याकडे ताटं दिलीत आणि म्हणालात, मोज बघू, कमी पडली तर मला सांग. तो मोजत बसला, परत मोजली, मग शेवटचं ताट स्वतःसाठी ठेवून घेतलं आणि जेवला. त्यानंतर प्रत्येक जेवणाला ताटं त्याचीच, दुसऱ्या कुणी हात लावला की भांडण.

आणि मग जक्कयाची गोष्ट. लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कय बुटका असतो, गर्दीत येशू दिसत नाही म्हणून उंबराच्या झाडावर चढतो, आणि आपल्या आवारात उंबर होताच. सगळ्यात बारका म्हणून ह्यालाच जक्कय केला, खालच्या फांदीवर बसवला, दोघं जण खाली धरायला उभे. येशू झालेल्या पोरानं हाक मारली, जक्कया लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. हा उतरला, आणि त्याला शिकवलेलं वाक्य सोडून एकदम विचारतो, "या की ओ, जेवायला काय करू?" सगळं आवार हसलं, मला मात्र डोळे पुसायला लागले, कारण पहिल्या रात्री न जेवलेला पोरगा तो हाच. समारोपाला त्याची आई आली, ती सारखं म्हणत होती, घरात पाव्हणं आलं की हा कॉटखाली जातो ओ, हा इथं असा बोलला?

माझ्यासाठी हेच मिळणं, टीचर. एक लहान पोरगं आपल्यावर भरवसा टाकून झाडावरनं खाली उतरतं, सगळ्यांसमोर बोलतं, आणि ते होताना आपण तिथं असतो.

वळवाच्या पावसात करंट गेलेली ती रात्रपण सांगायलाच पाहिजे. मोठ्या गटातली एक मुलगी कन्नड मीडियमची, घरात मराठी बोलते पण वाचताना अडखळते, त्या दिवशी वचन वाचताना पोरी हसल्या तर ती वचनाला यायचीच बंद झाली. तुम्ही कुणाला रागावला नाहीत. रात्री हॉलमध्ये मेणबत्ती लावून पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायला लागलात, की १८५८ साली त्या आज कर्नाटकात असलेल्या डोंगरातल्या जंगलात जन्मल्या, दुष्काळात आई-वडील गेले, पायी पायी सगळा देश फिरल्या, पुढं केडगावला शेकडो मुलींना आसरा दिला, आणि म्हातारपणापर्यंत हिब्रू, ग्रीक घेऊन बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या मुलीनं अंधारातनंच विचारलं, त्यांना कन्नड यायचं काय? येत होतं, तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळचं वचन तुम्ही तिला कन्नड बायबलमधून वाचायला लावलंत आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या मागनं म्हटलं. कडक वाचलं तिनं.

आता मी लहान मुलांच्या वॉर्डात आहे. सलाईन लावायच्या आधी मी नाव विचारते, स्टूल ओढून खाली बसते, आणि रडणाऱ्याच्या हातात टेपची गुंडाळी देते, धर, मी मागितली की दे. सिनियर सिस्टर विचारतात हे कुठल्या कॉलेजला शिकलीस, मी तुमचं नाव सांगते.

तर टीचर, थँक्यू. गुडघे दुखत असताना एसटीनं यायचात त्याबद्दल, पेन्शनच्या पैशातनं रंगपेट्या आणायचात आणि कुणाला सांगायचं नाही म्हणायचात त्याबद्दल, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मला काही येत नसताना मला येईल असं धरून चाललात त्याबद्दल.

यंदा लहान गटाला माझ्याबरोबर एक नवीन मुलगी देतायत, फर्स्ट इयरची, फार घाबरलीय. मी रजा टाकलीय. तुम्ही एक दिवस तरी या, तिला तुमची वही दाखवायचीय. स्टँडवर गाडी घेऊन मीच येते, तुम्ही फक्त कुठल्या बसनं निघताय तेवढं आदल्या दिवशी कळवा.

तुमची,
लहान गटाची सिस्टर