मागं असतो म्हणून झोप लागते

सातारा, रविवार रात्र

प्रिय बडी,

परवा फोनवर तू विचारलंस, लेका या वयात पोरांबरोबर बुलेट घेऊन हिंडतोस, त्यात एवढं मिळतं काय तुला? आणि मी "काय नाय रे, टाइमपास" म्हणून विषय मारून नेला. तुझी वहिनी शेजारीच गवारी निवडत बसलेली, आणि तिला सगळं माहिती असलं तरी तिच्यासमोर काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत. म्हणून आता लिहितोय, अंगठा दुखेल तिथं थांबेन.

2022 ला डिस्चार्ज घेऊन आलो तेव्हा सुरुवातीला मजा होती. सत्कार, शाल, नारळ, 15 ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची. मग शाली कपाटात गेल्या. आपल्या जिल्ह्यात फौजी म्हणजे काय नवल नाही ना रे, घरटी एक आहे, अपशिंग्याला तर गावाच्या नावालाच मिलिटरी लावतात. एका सोसायटीत सिक्युरिटीचं काम धरलं आणि चार महिन्यांत सोडलं, कारण चोवीस वर्षं हवालदारकीपर्यंत घासल्यावर पोरगेलं कुणीतरी काच खाली न करता हॉर्न मारतं आणि आपण पळत जाऊन गेट उघडायचं, हे मला जमलं नाही. चूक माझी असेल. पहाटे चारला डोळे टक्क उघडे, स्टँड टूची, म्हणजे उजाडायच्या आधी हत्यार घेऊन सज्ज राहायची सवय, पण पुढं करायचं काय? गॅलरीत बसून हायवेवरचे ट्रक मोजायचो. शेवटी वहिनीनंच डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, एक अजून चालू आहे, ती काय बुलेटनं सुटलेली नाही. तूही दाखव कुणाला तरी, हे मागंही सांगितलंय.

गाडीचं असं झालं की गॅरेजवाल्याकडं एक जुनी 350 धूळ खात पडलेली. उजव्या पायात गियर, वर एक खाली तीन, डिट्टो तुझी डीआरची, म्हणजे डिस्पॅच रायडरची गाडी! बघितल्या बघितल्या तूच आठवलास, डाकेची पिशवी गळ्यात आणि मेसच्या मागं मला शिकवताना शिव्या, "अरे गाढवा आधी ॲमीटरचा काटा मध्ये आण, डिकॉम्प्रेसर दाब, मग लाथ घाल." पहिल्या दिवशी तसं न करता लाथ घातली आणि किकनं उलटी नडगीवर अशी हाणली की आठ दिवस लंगडत होतो. वहिनी म्हणाली, बरं झालं.

त्याच गॅरेजवर या पोरांची ओळख झाली. दोघं पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये, एकाचा वडापावचा गाडा, एक झेडपीची मास्तरीण, एक बँकेतला टकला जो माझ्याहून मोठा आहे तरी त्यालाही पोरगंच म्हणायचं. म्हणाले, काका, रविवारी पहाटे कासला चाललोय, येताय का? गेलो. आणि एक सांगतो, कुणीही "काका किती मारले हो" विचारलं नाही. लग्नात, पारावर, सलूनमध्ये सगळे तेच विचारतात. यांनी विचारलं, टायर कुठला टाकलाय.

निघताना ज्यानं लीड घेतली होती तो म्हणाला टेलला कोण थांबणार. टेल म्हणजे सगळ्यात शेवटची गाडी. कुणी मागं पडलं, पंक्चर झालं, पडलं, तर टेलवाल्यानं थांबायचं, कुणालाही ओव्हरटेक करून मागं सोडायचं नाही. धूर खायला तिथं कोण जातंय. माझा हात आपोआप वर गेला.

आता तुला एकट्यालाच कळेल असं लिहितो. झोजिला घाटाच्या त्या वळणावर मी स्टेअरिंगवर होतो आणि तू शेजारच्या सीटवर. आरशात आपल्या कॉन्व्हॉयच्या पाच गाड्या होत्या. वळण घेतलं, परत बघितलं, चार. तू म्हणालास, चाकावरची बर्फाची चेन निघाली असेल, मागं राहिली असेल. पुढचं लिहीत नाही. पण त्यानंतर साधी स्कूटर घेऊन मंडईत जाताना पण मी आरशात बघायचो आणि मोजायचो, काय मोजतोय ते माझं मलाच कळायचं नाही.

टेलला मागं बघायचंच नसतं रे! सगळे पुढं, डोळ्यासमोर. यवतेश्वरच्या चढाला तेरा लाल दिवे एकाखाली एक वळत जाताना बघितले आणि त्या रात्री सकाळी सहापर्यंत झोपलो. वहिनी दोनदा नाकाशी हात लावून बघून गेली म्हणे.

तरी मोजायची सवय काय जात नाही. हॉल्टला चहा घेताना मी बोटावर मोजत होतो तेव्हा मास्तरणीनं पकडलं, काका काय मोजताय? म्हणलं काय नाय, फौजेत गिनती असते. तिनं पुढं काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी सज्जनगडाच्या पायथ्याला गाड्या लागल्या न लागल्या तोच बाई ओरडली, गिनती कर! आणि ही सगळी येडी चहाच्या टपरीसमोर रांगेत, एक, दो, तीन, टकला तर टाचा जुळवून. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, चौदा लास्ट. आवाज फाटला माझा. टपरीवाल्याला वाटलं शूटिंग आहे. तेव्हापासून प्रत्येक हॉल्टला होतं हे.

जुलैत कुंभार्ली घाटात एकाची ट्यूब गेली, धुकं असं की स्वतःचा हेडलाइट दिसेना. आम्ही दोघं पाऊण तास झटत होतो. मनात म्हणलं बाकीचे चिपळूणला जाऊन मिसळ खात असतील. वळण घेऊन पुढं आलो तर बाराच्या बारा गाड्या कडेला, इंडिकेटर चालू, सगळे भिजून चिंब, आणि मास्तरीण विचारते, किती? म्हणलं, चौदा.

आता कामाचं. 4 फेब्रुवारीला सिंहगड ठरवलाय. पोरांना तानाजी मालुसरे माहीत होते, 1670 पण माहीत होतं, पण तो आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा मराठा डे आहे हे मी सांगितल्यावर कळलं, मग हट्टच धरला. खेड शिवापूरवरून कोंढणपूरमार्गे जायचं. तू सांगलीहून आदल्या दिवशी ये, बॉम्बे रेस्टॉरंटच्या पुलाखाली उतर, मी घ्यायला येतो. गाडी नसली तर गॅरेजवाल्याकडून एक सांगून ठेवलीय, डाव्या पायात गियर आहे, शिव्या देऊ नकोस. पाठदुखीचं कारण चालणार नाही, क्लचची एक जादा वायर मात्र घेऊन ये, इथं ओरिजिनल मिळेना.

पोरांना पंधरा सांगून ठेवलेत.

तुझा,
बडी