आई, ती शपथ सोडव

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि चिऊची खोली शेजारीच. त्यात विषय अवघड झाला की बाबा 'हां हां, बरं' म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. चिऊबद्दलचं सगळं आधी तिला वाचून दाखवलंय. तिला नको होतं तेवढं काढून टाकलं.

आई, चिऊनं स्वतःला इजा करून घेतल्याच्या खुणा तिच्या हातावर दिसल्या तेव्हा तू रडलीस, दृष्ट काढलीस आणि तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतलास. 'माझ्या गळ्याची शपथ आहे, परत असं करायचं नाही.' कुठलीही आजी हेच करेल. पण त्या शपथेनं काय झालंय ते ऐक. गणपतीत तुझा बीपी वाढला आणि तुला दवाखान्यात ठेवावं लागलं, त्या रात्री चिऊचा मला फोन आला. 'आत्या, माझ्यामुळे झालं. मी शपथ मोडली होती.' त्या बीपीत लोणच्याच्या बरणीचा वाटा किती होता ते तुला-मला माहीत आहे. तिला कोण सांगणार?

हे ती का करते ते कळलं, की शपथ का टिकत नाही तेही कळतं. ती सांगते, आधी आत काहीतरी चढत जातं. भीती, राग, स्वतःचीच चीड, सगळं एकदम, आणि रडूही फुटत नाही. अंगाला इजा झाली की सगळं लक्ष तिकडे जातं आणि आतला गलका जरा वेळ थांबतो. काहींचं उलटं असतं. आत सगळं बधिर झालेलं असतं, म्हणून निदान काहीतरी जाणवावं असं वाटतं. काही जण स्वतःला शिक्षा करत असतात. पण ही सुटका असते काही मिनिटांची. मागोमाग लाज येते, लपवालपवी येते, आणि तीच पुढच्या वेळी आत साठलेली असते. 'मी आजीची शपथ मोडली' हे त्यात आणखी एक.

बाबा, तुमचं म्हणणं, ही पोरं लक्ष वेधून घ्यायला असं करतात. सांगलीच्या मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून बसणारी मुलगी कुणाचं लक्ष वेधते हो? बहुतेक जण हे जिवापाड लपवतात. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते: जगभरातल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा किशोरवयातल्या सुमारे 17 टक्के मुलामुलींनी कधी ना कधी स्वतःला इजा केलेली आढळली. सुरुवात बहुधा 12 ते 14 या वयात होते. म्हणजे चिऊच्या नीटच्या क्लासमध्येही ती एकटी नसणार.

असं करणाऱ्या प्रत्येकाला मानसिक आजार असतोच असं नाही. पण डिप्रेशन, अतिचिंता, लहानपणी बसलेला एखादा धक्का, खाण्याचे विकार, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (यात भावना आणि नाती सारखी टोकाला जातात), यांपैकी काहीतरी पुष्कळदा मागे असतं. चिऊला डिप्रेशन आहे. डॉक्टरांनी हात जेमतेम पाहिला आणि झोप, भूक, मैत्रिणी यांबद्दलच विचारत बसले, याचा तुम्हाला राग आला होता. पण आजार तिथेच सापडायचा होता. पहाटे तीनला जाग येणं, ताटात भात चिवडत बसणं, मैत्रीण दारात आली तरी 'झोपलेय म्हणून सांग' म्हणणं, हे सगळं आपण 'अभ्यासाचं टेन्शन' या एका खात्यात टाकत होतो.

तिला मरायचंय का, हा प्रश्न तुमच्या दोघांच्याही तोंडावर येऊन परत जातो, ते मला दिसतं. बहुतेकदा स्वतःला इजा करणाऱ्याला त्या क्षणी मरायचं नसतं, तो क्षण निभवायचा असतो. तरी अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून 'वयात आली की सुटेल' म्हणून सोडून देता येत नाही. सरळ विचारा तिला: 'चिऊ, मरावंसं वाटतं का गं?' विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं एकदाचं, असं वाटतं. तिनं हो म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, मला आणि डॉक्टरांना लगेच फोन करायचा.

आता ते रात्रीच्या पाण्याचं. आई, ती बाराच्या सुमाराला मोरीत बादलीवर वाकून तोंडावर गार पाणी घेत होती आणि तू ओरडलीस, 'रात्री-अपरात्री काय पाण्यात खेळतेस, सर्दी होईल!' ते औषध होतं गं. गार पाण्यानं चेहरा भिजवून श्वास थोडा रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि चढलेलं जरा उतरतं. सायकॉलॉजिस्टनी शिकवलंय. त्या रात्री तिनं स्वतःला काही केलं नव्हतं, पाण्यापर्यंत पोचली होती. पुन्हा दिसली तर फक्त टॉवेल नेऊन दे.

हे ज्या उपचारातलं आहे त्याला डीबीटी म्हणतात, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो बसवला आणि 1991 मध्ये त्याची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. याच बाई 1961 मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, स्वतःला इजा करतात म्हणून हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून जास्त काळ. 2011 मध्ये, नाव झाल्यावर, त्यांनी हे त्याच जागी जाऊन जाहीरपणे सांगितलं. चिऊनं त्यांचा फोटो मोबाइलवर ठेवलाय. देवाच्या फोटोशेजारी ठेवला नाही एवढंच.

गोळ्यांबद्दल: त्या झोपेच्या नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. त्या डिप्रेशनवर आहेत, इजा करून घेण्यावर थेट अशी गोळी नसते. गुण यायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती जास्त अस्वस्थ वाटली तर डॉक्टरांना कळवायचं, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

बाबा, तुमच्याकडे एक काम. घरातल्या सगळ्या गोळ्या, तुमच्या बीपीच्यासुद्धा, कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्या खिशात. पडवीतली फवारणीची औषधं घरातून हलवाच. अतिरेक वाटेल, पण श्रीलंकेनं 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं. टोकाची इच्छा पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

आणि पोलीस केसची भीती सोडा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच तो धरून चालतो. असा प्रयत्न गुन्हा धरणारं जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. चिऊनं तर तसला प्रयत्नही केलेला नाही. 'उद्या लग्नाच्या वेळी कळलं तर' यावर मी काही लिहीत नाही. पोरगी अकरावीत आहे.

आई, तुझ्याकडे एकच मागणं. रोज संध्याकाळी बाह्या वर करून बघणं थांबव, आणि तिला जवळ बसवून म्हण, 'शपथ सुटली.' तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती सुटल्याचं तिला पटणार नाही. वर एवढंच सांग, की पुन्हा झालं तर लपवू नकोस, मी रागावणार नाही, मलम लावू. दुसरं वचन मागू नकोस.

गुरुवारी साडेचारची वेळ घेतलीय. बाबा, स्कूटरवर तुम्ही न्या, पेपर बरोबर ठेवा, तासभर बाहेर बसावं लागेल. आत काय झालं ते विचारायचं नाही. परतीच्या वाटेवर तिला भडंग खायचं असेल तर थांबा, नसेल तर सरळ घरी. दादाशी माझं बोलणं झालंय, तो आणि वहिनी मस्कतहून पुढच्या महिन्यात येतायत. मी शनिवारी पोचते.

तुमची,
मनू

ता. क. टेलि-मानस या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर 14416. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. चिऊच्या मोबाइलमध्ये आहे, तुमच्या फोनजवळच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा. तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी लावा.