काका, गॅलरीची परमिशन आली!

काका, नाव टाकत नाहीये, तुम्हीच दटावलं होतंत. वाडीतल्यांना कळेलच कोण ते. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

बाकीच्यांसाठी सांगतो, आमचं घर गिरगावात खोताच्या वाडीत, लाकडी गॅलरी, बाहेरून जिना, वर मंगलोरी कौलं. मागच्या पावसात गॅलरीचा कोपरा इतका खचला की आईने तिथली तुळससुद्धा आत घेतली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला लाकूड काढून टाका, आरसीसी करू, स्लायडिंग खिडक्या, बाहेरून सिमेंट प्लॅस्टर, पंधरा दिवसांत मोकळे. आणि परमिशन? "हेरिटेजवाले खिळा ठोकू देत नाहीत, विचारायचंच कशाला, गुपचूप उरकू." खरं सांगतो, अ‍ॅडव्हान्स द्यायच्या बेतातच होतो आम्ही.

तेवढ्यात तुम्ही दुधाची पिशवी हातात घेऊन जाता जाता थांबलात आणि विचारलंत, "ही भिंत चुन्याची आहे, माहितीये ना?" अख्खा जन्म या घरात गेला, नव्हतं माहिती! चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल बाहेर पडत नाही, आतच कोंडते आणि भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजतात, हे तुम्ही नखाने पोपडा काढून दाखवलंत. बाबांनी मागे एका बाजूला सिमेंट मारून घेतलं होतं, आणि खचलेला कोपरा नेमका तोच. म्हणजे जे दुखणं होतं तेच आम्ही पैसे मोजून घरभर करून घेणार होतो.

आमचा पहिला अर्ज आठवतोय? "घराचे बाहेरून रिनोव्हेशन करणे आहे", बस एवढंच, सोबत मोबाइलवरचे दोन फोटो, एकात मधोमध आकाशकंदील आणि भाचा. तो परत आला तेव्हा आम्ही सगळ्या जगाला नावं ठेवली. तुम्ही म्हणालात, यातून वाचणाऱ्याला कळणार काय, गॅलरी काढताय की वाचवताय?

मग तुम्ही शिकवणीच घेतलीत. मुंबईत हे हेरिटेजचे नियम १९९५ साली आले, इमारतींना महत्त्वाप्रमाणे तीन ग्रेड, ग्रेड एकला जवळपास हात लावायचा नाही, दोनमध्ये आतले बदल चालतात, तीनमध्ये बाहेरचेही चालतात पण आजूबाजूला शोभतील असे. आणि आपल्यासारख्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे अख्खी वस्तीच हेरिटेज असते तिथे, एकटं घर नाही, अख्खी गल्ली बघतात. हेरिटेज कमिटी फक्त शिफारस करते, परवानगी महापालिका आयुक्तांची. हे कळल्यावर निम्मी भीती तिथेच गेली.

चार रविवार तुम्ही गॅलरी मोजलीत, वय काय, शिडीवर काय चढताय, आई खालून ओरडतेय. "आत्ता आहे तसं" आणि "होणार तसं" अशी दोन ड्रॉइंग्ज शेजारी शेजारी, प्रत्येक खांबाला नंबर, कुठला ठेवायचा, कुठल्याला फक्त खालून जोड द्यायचा. सही आर्किटेक्टची, पण हात तुमचा. कठड्याचं मूळ डिझाइन सापडत नव्हतं तेव्हा समोरच्या आँटींच्या लग्नाच्या फोटोत, वरातीच्या मागे, आमचा कठडा दिसला!! तो फोटो फाइलला लावला.

भांडणंही झाली, नाकारत नाही. भावाला एसीचं आउटडोअर युनिट पुढेच हवं होतं, तुम्ही ते मागच्या बाजूला ढकललंत, आठवडाभर बोलत नव्हता तुमच्याशी. ग्रिल खिडकीच्या आतून. स्लायडिंगचं नावच नको, त्याच सागवानी झडपा दुरुस्त. मागच्या उतारावरची धड कौलं पुढे आणायची आणि नवीन मागे घालायची, ही आयडिया तर मला कधी सुचलीच नसती. (त्यातल्या एकावर बासेल मिशनचा, म्हणजे कौलं बनवणाऱ्या स्विस मिशनऱ्यांचा, शिक्का निघाला, मंगलोरला त्यांचा कारखाना १८६५ला सुरू झाला हे तुम्हीच सांगितलंत, ते कौल आता आईने शोकेसमध्ये ठेवलंय, चढवायला देत नाही.)

परवा पत्र हातात आलं. खिडक्यांच्या रंगाचा नमुना आधी दाखवायचा एवढीच अट. सुतार दसऱ्यानंतर येणार, पाऊस गेल्यावर, तुम्ही म्हणालात तसंच. पैशाचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत, ठीक आहे, पण तुमची मोजपट्टी आणि चष्म्याची केस आमच्या फ्रिजवर आहे आणि ती न्यायला यायचं तर जेवायच्या वेळेलाच या, आईने सांगितलंय.


तुमचाच,
जिन्याखाली सायकल लावणारा