सेवाभावावर घरभाडे निघत नाही

मा. संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला लेख वाचला. सरकारी नोकरीत किंवा सामाजिक संस्थेत जाणाऱ्यांचे लेखकमहाशयांनी सरळ दोन गट पाडून टाकले आहेत: एक ध्येयवेडे, दुसरे पगाराकडे डोळा लावून बसलेले. वाटणी झकास आहे. फक्त मी कुठल्या गटात, ते तेवढे कळले नाही.

एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. कामाचे, अनुभवाचे सगळे विचारून झाल्यावर 'तुम्हाला काही विचारायचंय?' असे त्यांनीच म्हटले, म्हणून मी पगार आणि आजारपणाच्या रजेबद्दल विचारले. समोरच्या विश्वस्त बाईंनी हातातले पेन खाली ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे सेवेसाठी येताय की पगारासाठी?" मी म्हटले, दोन्हीसाठी. खोलीत एकदम शांतता. 'कळवतो' म्हणाले, ते अजून कळवताहेत. टेबलावरच्या वार्षिक अहवालाचा कागद मात्र इतका गुळगुळीत की हातात ठरत नव्हता. छपाईवाल्याला कुणी सेवाभाव विचारला नसावा.

पगार वाढवला की लोभी माणसे शिरतात, हे लेखकांनी कशावरून ठरवले? झांबिया सरकारने 2010 मध्ये ग्रामीण आरोग्यसेवक भरले, तेव्हा काही जिल्ह्यांतल्या जाहिरातीत समाजसेवेचे आवाहन होते, काहींत पुढे बढती मिळेल असे म्हटले होते. बढतीची जाहिरात वाचून आलेल्यांनी 29 टक्के जास्त घरभेटी दिल्या! मेक्सिकोत 2011 च्या सरकारी भरतीत जिथे जास्त पगार जाहीर केला, तिथे अधिक हुशार उमेदवार आले आणि लोकसेवेची ओढही त्यांच्यात कमी नव्हती.

आणि नोकरीच्या शाश्वतीला एवढी नाके मुरडण्याचे कारण काय? नोकरी पक्की असते म्हणूनच एखादा कारकून साहेबाच्या चुकीच्या कागदावर सही करायला नकार देऊ शकतो. हा जनतेचाच फायदा नव्हे का? ध्येयवेडे बरेचदा दोन-तीन वर्षांत थकून निघून जातात, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांची थट्टा करायची नाही, पण त्यांच्या जागी पुन्हा नवे, तितकेच स्वस्त ध्येयवेडे भरायची सोय कुणाची होते, यावरही लेखकांनी एखादा परिच्छेद खर्च करायला हवा होता.

जाता जाता, मागे आपण माझे पत्र अर्धे कापून छापलेत आणि उरलेल्याचा अर्थ नेमका उलटा झाला. याही वेळी जागा कमी पडली, तर विश्वस्त बाईंना खुशाल वगळा, झांबिया राहू द्या.

आपली,
एक नियमित वाचक